नणंदबाई आणि निघालेला पाहुणा

घरी आलेला पाहुणा परत जाऊ नये म्हणून आमच्या नणंदबाईंनी आजवर जेवढं डोकं लढवलं आहे, तेवढं लोक शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून होणाऱ्या भांडणात वकील लावूनही लढवत नसतील. पाहुणा उठला की त्या म्हणणार, 'राहा ना आजचा दिवस.' तो नाही म्हणाला तर त्या वाद घालत नाहीत. आत जातात, आणि पाहुण्याची एक चप्पल नाहीशी होते. तशी ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे. पाहुण्याची पिशवी नाहीतर चप्पल लपवायची, त्याने थोडी शोधायची, सगळ्यांनी हसायचं आणि चहाचं आधण पुन्हा ठेवायचं. पण इतरांकडे ती शेवटी सापडते. नणंदबाई इतकं मन लावून लपवतात की नंतर त्यांनाही आठवत नाही. माझे वडील लग्नानंतर पहिल्यांदा मला भेटायला मलकापूरला आले, ते परत जाताना एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात जावयाची चप्पल घालून गेले. पुढच्या उन्हाळ्यात कूलर बाहेर काढला, तेव्हा त्यांची चप्पल टाकीत निघाली.

पाहुणा म्हणजे नातेवाईकच हवा, असंही नाही. गॅसवाला, मीटर बघायला येणारा माणूस, चुकून पत्ता विचारणारा, कोणाचीही झुणका-भाकर खाल्ल्याशिवाय सुटका नसे. पौर्णिमेला विहारात खीर वाटायला त्या उभ्या राहिल्या की रांग पुढे सरकायची नाही, कारण प्रत्येकाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची. मी त्यांची धाकटी भावजय, त्यांच्याच गल्लीत राहणारी. त्यामुळे हे सगळं मी फार जवळून सोसलेलं आहे.

अशा बाईने चाळिशी उलटल्यावर हॉटेलच्या कामाची पदवी घ्यायचं ठरवलं. लग्नामुळे त्यांचं कॉलेज दुसऱ्याच वर्षी सुटलं होतं, आणि त्या ते विसरल्या नव्हत्या. लेकीचं लग्न होऊन ती लोणारला गेल्यावर त्यांना कोणीतरी या नव्या तऱ्हेच्या पदवीचं सांगितलं. निम्मं वर्गात शिकायचं, निम्मं एखाद्या लॉजवर पगारी नोकरी करत, आणि त्या नोकरीचेही क्रेडिट पदवीत धरतात. माझ्या नवऱ्याने विचारलं की, ताई, पाहुण्याला चहा दिल्याचे मार्क कधीपासून मिळायला लागले? तेव्हा त्या म्हणाल्या, 'जनमभर पाहुण्यायचंच तं करून राह्यली मी. आता त्याचे मार्क भेटतात, तं काऊन सोडू?'

वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणत आणि त्यांच्या डब्याभोवती गोळा होत. नोकरी लोणारला मिळाली, सरोवर बघायला येणाऱ्यांच्या एका लॉजवर. लेकीकडे राहायची सोयही झाली. पहिल्या पगारातून त्यांनी मला चपला आणल्या. 'तुह्या लय लपवल्या मी,' एवढंच म्हणाल्या. मी त्यांना हसले, आणि त्या गेल्यावर चपला घालून घरभर हिंडले.

पुढे जे व्हायचं ते झालंच. एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची पत्नी सकाळी खोली सोडून निघाले. नणंदबाईंनी सवयीने राहण्याचा आग्रह केला, ते नाही म्हणाले, आणि नणंदबाईंच्या हातांनी सवयीने गुरुजींचा एक बूट उचलून चादरींच्या गाठोड्यात खुपसला. एवढ्यात परीट आला आणि गाठोडं घेऊन गेला. गुरुजींची गाडी चुकली. त्यांच्या खोलीत उतरणारं कुटुंब सामानावर बसून ओसरीत ताटकळलं. गुरुजी मात्र मोजे घालून नणंदबाईंनी आणलेले पोहे खात होते आणि मजेत होते; त्यांच्या पत्नी मजेत नव्हत्या. बूट संध्याकाळी आला, तो स्वच्छ धुऊन.

मॅनेजर ओरडला नाही, ते जास्त वाईट झालं. तो म्हणाला, 'ताई, हे लॉज आहे. इथं एक माणूस गेला तरच दुसरा येतो.' काम समाधानकारक आहे असं तो कॉलेजला कळवणार नव्हता. तसं झालं तर नोकरीचे क्रेडिट बुडणार आणि आख्खं वर्ष पुन्हा करावं लागणार. नणंदबाईंचा मला फोन आला. आवाज इतका लहान की मी आधी ओळखलाच नाही. 'माह्यं कॉलेज पुन्हा सुटते काय व?'

मी दुसऱ्या दिवशी एसटी धरून लोणारला गेले. तोवर मॅनेजर थोडा नरमला होता. कॉलेजचे सर तपासणीला येईपर्यंत पाहुण्यांना निरोप देण्याचं काम त्याने नणंदबाईंनाच दिलं होतं, आणि एकाचाही खोळंबा चालणार नव्हता. मी ओसरीत बसून बघितलं. एक कुटुंब निघालं होतं. नणंदबाईंनी किल्ली घेतली, गाडी बोलावली, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या राहिल्या. समोर चपलांची रांग होती आणि मागे त्यांची बोटं एकमेकांत पिळत होती. 'या पुन्हा,' त्या म्हणाल्या. गाडी वळणाआड गेल्यावरच त्यांनी हात सोडले. मला त्यांच्याविषयी इतकी माया कधीच वाटली नव्हती.

सर आले तेव्हा मॅनेजरने बुटाचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, 'चुकल्या होत्या. आता कोणाचीच गाडी चुकत नाही.' सगळे क्रेडिट मिळाले. पुढच्या पौर्णिमेला विहारातली खीर नणंदबाईंनी स्वतः केली, आणि रांग भराभर पुढे सरकली.

परवा नणंदबाई सुट्टीत घरी आल्या म्हणून मी भेटायला गेले. जेवणं झाली, गप्पा झाल्या, मी उठले. त्यांनी थांब म्हटलं नाही. मी सवयीने वाकून दिवाणाखाली बघितलं, दारामागे बघितलं. माझ्या चपला, त्यांनीच आणलेल्या, उंबऱ्यापाशी तोंड बाहेर करून सरळ मांडलेल्या होत्या. नणंदबाई बाजूला उभ्या होत्या, हात पाठीमागे.

त्या माझ्यासाठी पाणी आणायला आत वळल्या. मी एक चप्पल उचलली, कूलरच्या मागे ढकलली, आणि खाली बसत म्हटलं, 'ताई, माझी एक चप्पल दिसत नाही हो.'

आतून पाण्याचा पेला खाली ठेवलेला ऐकू आला. मग चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.