फक्त रंग बाकी

माझ्या दोन वेळच्या जेवणाचे, हातातल्या कामाचे आणि चारचौघांत मला मिळणाऱ्या 'मेस्तरी' या हाकेचे धनी एकच, लोणावळ्याचे आमचे वर्कशॉपवाले भाऊ. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे ते वाचून त्यांच्याबद्दल कोणाचा गैरसमज व्हायला नको, आणि झालाच तर त्यांचं मीठ खाल्लेल्या माणसाने तो केला असं व्हायला नको. तर सांगायचं म्हणजे, साऱ्या मावळात भाऊंनी बनवलेली यंत्रं जितक्या लोकांनी पाहिली असतील, त्याच्या कितीतरी पट लोकांनी त्यांनी न बनवलेली यंत्रं पाहिली आहेत. नुसती पाहिली नाहीत, हात लावून पाहिली, पसंत केली आणि रंग कोणता द्यायचा तेही ठरवून टाकलं.

भाऊंचा सगळा जीव प्रात्यक्षिकावर. हा शब्द ते एखाद्याने देवाचं नाव घ्यावं तसा उच्चारत. यंत्र बनवायचं, मग ते चालतंय का बघायचं आणि मग लोकांना दाखवायचं, ही जगाची रीत त्यांना भित्र्या माणसांची वाटे. "तयार झाल्यावर कोणीही दाखवतो," ते म्हणत, "त्यात काय आहे? आधी दाखवावं. लोक विचारतात, हे करतं का, ते करतं का. मग आपल्याला कळतं की आपण काय बनवतोय." आणि लोकांनी काहीही विचारलं तरी भाऊंच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नसे. यंत्र कुठवर आलं, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "झालंच. फक्त रंग बाकी आहे." त्या वेळी यंत्र म्हणून वर्कशॉपात कधी एक चाक असे, कधी फळीवर खडूने काढलेलं चित्र असे, आणि कधी तेही पुसलेलं असे.

त्यांच्या दुकानाची पाटीच बघा. त्यावर भात झोडणी यंत्र होतं, चिक्की कापणी यंत्र होतं, विजेच्या मोटारींची दुरुस्ती होती आणि अगदी खाली, जरा मोठ्या अक्षरांत, भात लावणी यंत्र होतं. पाटी लागली तेव्हा दुकानात यातलं काही नव्हतं. वीजही नव्हती. पुढे विजेचा खांब गल्लीत आला तेव्हा भाऊंनी तारवाल्याला पाटी दाखवून बजावलं, "उशीर केलात. आम्ही केव्हाचे थांबलोय."

चिक्कीचं यंत्र मात्र त्यांनी खरंच केलं. बाजारातल्या एका चिक्कीवाल्या शेठना त्यांनी त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं ते कणकेवर. कणीक छान लाटली गेली, छान कापली गेली, शेठ खूष. मग शेठच्या भट्टीवर खरा कढत पाक त्यात घातला. रुळाने पाक उचलला आणि जो धरला तो सोडलाच नाही. शेंगदाण्यांसकट अख्खी लादी रुळाभोवती गुंडाळली गेली. शेठ म्हणाले, "भाऊ, मी चिक्की सांगितली होती. ही सतरंजी झाली." भाऊ शांतपणे म्हणाले, "बघा, एकही दाणा सुटलाय का?" खरंच सुटला नव्हता. मग दोघांनी मिळून ती सतरंजी हातोडीने फोडून खाल्ली.

घरीही हाच प्रकार. रस्त्यात कोणी भेटला की भाऊ त्याला जेवायला बोलावत, आणि नुसतं बोलावत नसत, पानात काय काय आहे तेही सांगत. पाहुणा दारात आला की वहिनी त्यालाच विचारत, "आज काय केलंय म्हणाले हो हे?" तो बिचारा पुरणपोळी म्हणाला की आत जाऊन पुरणाला लागत. म्हणून त्या घरात डाळ सदा भिजत घातलेली असे. "ह्यांच्या तोंडाला कुलूप घालता येत नाही," वहिनी मला एकदा म्हणाल्या, "डाळ तेवढी आपल्या हातात आहे."

अशा माणसाच्या दारात मी येऊन पडलो. गाव माझं परभणीकडचं, सगळा ज्वारीचा मुलूख. सातवीतून शाळा सुटली, ती पुन्हा धरता आली नाही. दोन-चार वर्षं इकडेतिकडे रोजंदारी केली आणि रेल्वेत असलेल्या एका मावसमामांच्या भरवशावर लोणावळा गाठलं. मामांची त्याच महिन्यात भुसावळला बदली झाली. गावी परत जायची सोय नव्हती. निघताना आईने साऱ्या गल्लीला सांगितलं होतं, पोरगं कारखान्यात लागलं म्हणून. कारखाना कसला, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. या गावात धुकं दारातून घरात शिरतं, हे बघूनच मला पहिले काही दिवस रडू येई. भाऊंनी विचारलं, "शिक्षण?" मी खाली मान घालून म्हटलं, "सातवीतून सुटली." तर म्हणाले, "म्हणजे सात वर्षं शिकलास की! ये आत." त्यांच्याकडे मी झाडलोट करत होतो, कानस धरून ठेवत होतो, आणि रोज सकाळी उठून, आज आपल्याला काढून टाकतील का, याचा विचार करत होतो.

त्यातच झोडणी यंत्राचं प्रात्यक्षिक वडिवळ्याला ठरलं. तारेचे आकडे ठोकलेला लाकडी ढोल, तो शिवणयंत्रासारखा पायाने फिरवायचा आणि त्यावर भाताच्या पेंढीची कणसं धरायची, की दाणे खाली. ढोल फिरत होता, एवढं खरं होतं. सोबत न्यायच्या पेंढ्या भाऊंनी वर्कशॉपच्या पत्र्यावर इतक्या वाळवल्या होत्या की नुसतं खोकलं तरी दाणे गळावेत. ओळखीच्या ट्रकमधून कामशेत आणि तिथून बैलगाडीने आम्ही खळ्यावर पोहोचलो. गावातले वडीलधारे आबा, त्यांची माणसं, बायाबापड्या, सगळे जमलेले. भाऊंनी घसा साफ केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आमचे परभणीचे मेस्तरी. या यंत्रामागचं डोकं ह्यांचं. भातझोडणीत ह्यांचा हात धरणारा नाही."

आमच्याकडे भात म्हणजे सणाचं अन्न, तोही ताटात वाढलेला. भाताची पेंढी मी हातात धरत होतो ती आयुष्यात पहिल्यांदा. धरली आणि ढोलावर टेकवली. ढोल फिरला, काडीचा चुरा उडाला, दाणा एक पडेना. आबा जवळ आले, हळूच माझ्या हातातली पेंढी फिरवून दिली आणि म्हणाले, "मेस्तरी, आमच्याकडं दानं ह्या टोकाला आस्त्यात."

खळं हसून लोटपोट झालं. भाऊ सगळ्यांत मोठ्याने हसले आणि म्हणाले, "आधी उलटं दाखवायचं, म्हणजे सुलटं कळतं!" मग पेंढी सरळ धरल्यावर दाणे सरसर पडले आणि लोक जरा गंभीर झाले. प्रश्न सुरू झाले.

"पेंढा मोडत न्हाई न्हवं? जनावरांस्नी लागतोय."

"मुळीच नाही," भाऊ म्हणाले.

"आन् वारा?" आबांनी विचारलं. "झोडलं की बायास्नी सुपानं वारा द्यावा लागतोय. ह्ये वारा देतंय का?"

यंत्राला पंखा नव्हता. पंख्याचा विषय वर्कशॉपात कधी निघालाही नव्हता. "देतं की!" भाऊ म्हणाले. "पंखा तयार आहे. फक्त रंग बाकी आहे, म्हणून मेस्तरींनी आणला नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान कोणत्या दिशेने हलली ते मला आजही सांगता येणार नाही. "मंग आना म्होरल्या आठवड्याला," आबा म्हणाले. "वारा दिला तर गावकी यंत्र तुमचंच घेनार. न्हाई दिला, तर भाऊ, ह्या मेस्तरीला पुन्यांदा हितं आनू नका."

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात कपड्यांची वळकटी बांधली. पंखा होणार नाही, खापर मेस्तरीवर फुटणार, आणि ज्या मेस्तरीला वडिवळ्यात तोंड दाखवता येत नाही त्याला लोणावळ्यात कोण ठेवून घेणार? भुसावळ की परभणी, एवढंच ठरवायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी तेलाचे रिकामे डबे माझ्यासमोर टाकले आणि म्हणाले, "चला मेस्तरी, तयार पंखा बनवायला घेऊ."

त्या आठवड्यात मी भाऊंचं वेगळंच रूप पाहिलं. चहाच्या दुकानात ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पंखा झाल्याचं सांगत होते, आणि आत येऊन बाह्या सरसावून माझ्या शेजारी उकिडवे बसत होते. पत्रा कसा कापायचा, पात्याला पीळ किती द्यायचा, कानस ओढायची नाही, ढकलायची, हे सगळं माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. चुकलं की म्हणत, "अरे, हे आपलं मागेच करून झालंय, जरा आठव." जणू मला सगळं येतच होतं, मध्येच विसरलो होतो. वहिनी दारातून डोकावून विचारत, "पंखा कुठवर आला?" भाऊ म्हणत, "फक्त रंग." वहिनी माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत आणि जास्तीची भाकरी टाकत.

पंखा झाला. वर्कशॉपात फिरवूनही पाहिला, पण भुसा नव्हता, त्यामुळे वारा कुठल्या बाजूला जातो हे कोणी पाहिलं नाही. ते वडिवळ्याच्या खळ्यावर दिसलं. मी पाय मारायला सुरुवात केली, ढोल फिरला, पंखा गरगरला, आणि सगळा भुसा, फोल, काडीकचरा, धूळ उलटी येऊन थेट समोर बसलेल्या मंडळींवर गेली. आबांचं पागोटं, मिशा, भुवया, सगळं एका रंगाचं झालं. एक मावशी तोंडावर पदर घेऊन ओरडली, "आगं बया, ह्यो वारा हाय का वावटळ!"

मी पाय थांबवला. कामशेत स्टेशन कोणत्या बाजूला येतं, तेवढं मी बघून घेतलं.

भाऊ मात्र उठून उभे राहिले, डोळ्यातली धूळ पुसली आणि अभिमानाने म्हणाले, "पाहिलात वाऱ्याचा जोर?"

"जोर हाय," आबा मिशा झटकत म्हणाले. "पर त्यो आमच्यावरच का?"

"ते मेस्तरी सांगतील," भाऊ म्हणाले, आणि पाठ फिरवून विडी पेटवायला बाजूला गेले. वारा नसताना त्यांना ती काही केल्या पेटेना.

सगळं खळं माझ्याकडे बघत होतं. मी यंत्राकडे बघत होतो. दुसरीकडे कुठे बघायची सोयच नव्हती. पट्टा या चाकावरून त्या चाकावर सरळ गेला होता, आणि ढोल ज्या बाजूला फिरत होता त्याच बाजूला पंखा फिरत होता. मला वर्कशॉपातला धार लावायचा, पट्ट्यावर फिरणारा सहाणेचा दगड आठवला. भाऊ कधीकधी त्याच्या पट्ट्याला मध्ये पीळ देत आणि दगड उलटा फिरे. मी पट्टा उतरवला. तो दोनदा निसटला. मग मध्ये पीळ देऊन, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, पुन्हा चढवला आणि देवाचं नाव घेऊन पाय मारला.

भुसा पलीकडे उडाला. बांधापर्यंत गेला. इकडे दाण्यांची रास पडायला लागली. आबा उठले, राशीतून मूठभर भात तळहातावर घेतलं आणि त्यावर जोराने फुंकर मारली. काही उडालं नाही. पुन्हा मारली. काहीच उडालं नाही. आबांनी ते भात राशीत परत सोडलं, हात झटकले आणि म्हणाले, "मेस्तरी, च्या घ्या."

मघाची मावशी पदर खाली घेऊन म्हणाली, "आन् आता आमच्या सुपांचं काय करायचं वं?" भाऊ लगेच वळले. विडी तशीच, न पेटलेली. "सुपं पाखडायचं यंत्र येतंय," ते म्हणाले. "झालंच आहे."

परत येताना गाडीत भाऊ मजेत होते. मी धीर करून विचारलं, "भाऊ, पट्टा सरळ लागलाय, हे तुम्हाला कळलं नव्हतं?" त्यांनी मघाचीच विडी काढली आणि पहिल्या काडीला पेटवली. थोड्या वेळाने मी पुन्हा म्हटलं, "मला काही येत नव्हतं. तरी तुम्ही मला मेस्तरी सांगितलंत. पंख्यासारखीच थाप मारलीत." तेव्हा भाऊ एकदम गंभीर झाले. "पंख्याची थाप होती," ते म्हणाले. "तुझी नव्हती. तुझं फक्त जरा आधी सांगितलं."

त्याला आता बरीच वर्षं झाली. चिंचवडच्या एका कारखान्यात मी कामाला आहे. तिथे माझ्या हाताखाली माणसं आहेत आणि सगळे मला मेस्तरी म्हणतात. आईने गल्लीत सांगितलेलं शेवटी खरं झालं. सुट्टीला लोणावळ्याला जातो. भाऊंना हल्ली नीट दिसत नाही. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसतात. पाटीवरची बाकी अक्षरं उडाली, पण 'भात लावणी यंत्र' हे अजून वाचता येतं. ते एक त्यांच्याकडून झालं नाही. मावळातल्या औंढ्याच्या, वडिवळ्याच्या चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायांना त्यांनी ते कितीदा दाखवलं असेल, कधी काठीने मातीत रेघा काढून, कधी नुसतं हवेत हात फिरवून.

मागच्या खेपेला मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हटलं, "भाऊ, तुमचं ऋण एक दिवस फेडणार आहे. लावणीचं यंत्र मी बनवतोय. पहिलं वडिवळ्याला, तुमच्यासमोर चालवायचं."

भाऊंनी माझा हात चाचपडून धरला. बोटांवरचे घट्टे एकेक करून तपासले. "कुठवर आलंय?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे चिंचवडच्या खोलीत एक कागद आहे आणि त्यावर एक चाक काढलेलं आहे. आत वहिनी डाळ धुता धुता थांबल्या होत्या, ते मला ऐकू आलं.

"झालंच, भाऊ," मी म्हटलं. "फक्त रंग बाकी आहे."