भागाचं नाव मी छाटलं

नववी अर्ध्यात सोडलेल्या मुलीला संगणकासमोर बसू देणारे काका मला भेटले ते गोंदियाकडच्या घरापासून इतक्या लांब, शहापुरात. काका निवृत्त शिक्षक. त्यांची संस्था उन्हाळ्यात वाड्यांना पाण्याचे टँकर पाठवते. मी तिथे झाडलोटीच्या कामाला लागले होते. चार वर्षांत त्यांनी मला सर्व्हर सांभाळण्यापर्यंत आणलं. म्हणून काहीही बिघडलं की मला वाटायचं, आता काढतील.

संस्थेच्या वेबसाइटवर टँकर मागायची तीन पानं होती. वेबपत्त्याच्या शेवटी कुठे शहापूर, कुठे डोळखांब, कुठे मुरबाड. प्रत्येकामागे वेगळा प्रोग्राम, त्यामुळे आमचं लहान मशीन दिवसातून दोनदा बंद पडायचं. एप्रिलमध्ये मी तिन्ही पत्ते एकाच प्रोग्रामकडे वळवले. त्याला पत्त्यातलं भागाचं नाव कळत नव्हतं, म्हणून ते मी मधेच छाटलं. वाडीचं नाव लोक लिहितातच, भाग कशाला? मशीन बंद पडायचं थांबलं. काका "शाबास" म्हणाले, आणि तो दिवस मी मिरवण्यात घालवला.

इकडे एकाच नावाच्या वाड्या शहापूर आणि मुरबाड अशा दोन्ही तालुक्यांत असतात. इथल्या कुणालाही विचारलं असतं तर हसून सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुरबाडकडच्या आंबेवाडीतून एका बाईचा फोन आला.

"दोन दिस झालं. टँकर आमी मेल्यावर येल का?"

"ताई, इथे पोहोचला असं दाखवतंय."

"मंग कोनाच्या दारात पोचला? सासू वाटीनं पानी भराया विहिरीत उतरली नि पडली. मुरबाडला दवाखान्यात नेलीय."

ड्रायव्हर अंगणातच होता. "आंबेवाडीलाच गेलो ना, आपल्या शहापूरच्या," तो म्हणाला. "दोन्ही दिवस."

"त्यांनी मागितलं नव्हतं."

"त्यांच्या विहिरीला पानी हाय, मोटर बी हाय. पन दारात आलेल्या पान्याला कोन नाय म्हनतं? आनि पाठवलं तूच ना?"

यादीत शहापूरची आंबेवाडी आधी होती. प्रोग्रामने तीच उचलली. भागाचं नाव पुढे जाऊ द्यायला मला दहा मिनिटं लागली. टँकर त्याच दुपारी मुरबाडकडे गेला. त्या बाईची सासू पडल्यापासून चौथ्या दिवशी दवाखान्यात वारली.

मी काकांना सांगितलं, "चूक माझी आहे. मला काढा."

ते म्हणाले, "तुला काढून ती उठणार आहे? त्यांच्या घरी जाऊन सांग. फोनवर नको."

मी टँकरच्या केबिनमध्ये बसून गेले. वाडीत बाया हंडे घेऊन रांगेत होत्या, फोन करणारी सून मधेच कुठेतरी. पाइप सुरू झाला तसं मी तिला सगळं सांगितलं, तीन पत्ते, एक प्रोग्राम, मी काय छाटलं ते. तिने मला मधे थांबवलं.

"म्हंजे आमचं पानी तुज्यामुळं तिकडं गेलं."

"हो."

"त्यांना विहीर हाय?"

"आहे. मोटरही आहे."

तेवढ्यात तिची पाळी आली.

"सरक," ती म्हणाली, "हंडा लावू दे."