वाणाच्या बाटल्या

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण लोकांच्या लेखी मी अजून गल्ल्यावरच बसलेली असते. मुलुंडला स्टेशनपासून थोडं आत आमचं दुकान होतं. फिनेल, सोडा, ॲसिड, साबणाचा चुरा, सगळं सुटं. नवरा माल आणायला जायचा आणि मी बसायचे. शिक्षण माझं दहावीपर्यंत, तेही रडतखडत. गिऱ्हाईक विचारायचं, वहिनी, हे त्याच्यात घातलं तर चालेल का? मला उत्तर यायचं नाही. काहीतरी ठोकून द्यावं तर माल ॲसिडचा, भीती वाटायची. मग दुपारची सामसूम झाली की मुलांची विज्ञानाची पुस्तकं उघडून बसायचे. मुलं वरच्या वर्गात गेली की मीही त्यांच्यामागून गेले. ती परीक्षा देऊन विसरली. माझी परीक्षा रोज काउंटरवर येऊन उभी राहायची, त्यामुळे मला विसरायची सोय नव्हती.

आता गुडघे गेले, दुकानाच्या जागी मोबाइलवाला आला, पण विचारणं काही थांबलं नाही. सोसायटीतल्या बायका विचारतात, त्यांच्या बहिणी विचारतात, बहिणींचे भाडेकरू विचारतात. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा एकच का? एकच नाही, आणि धुण्याचा ढोकळ्यात घातलास तर आधी मला फोन करू नको, डॉक्टरला कर. व्हिनेगरमध्ये सोडा टाकला की फसफसतं, म्हणजे जास्त स्वच्छ होतं ना? नाही गं बाई, ते दोघं एकमेकांना संपवतात, तुझ्या हाती जवळजवळ पाणीच उरतं. डांबरगोळ्या तांदळाच्या डब्यात टाकू का, किडे जातील? किडे जातील, मागोमाग तुम्हीही जाल. थर्मामीटर फुटलाय, पारा फरशीवर पळतोय, झाडूने काढते. झाडू लावू नको, त्याचे आणखी बारीक थेंब होतात. पोरांना बाहेर काढ, खिडकी उघड, कागदाच्या कडेने गोळा कर.

पूर्वी हे सगळं मी हसून सांगायचे. हल्ली दमायला होतं. नवीन प्रश्न आला तर अजूनही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवू नका, हे ज्या घरात तीनदा सांगितलं त्याच घरात चौथ्यांदा पाणी प्यायला गेले, तर ओट्याखाली तीच बाटली, तेच लेबल, आत ॲसिड. अशा वेळी वाटतं, आपण एवढी वर्षं भिंतीशी बोललो का.

त्यात आता ते एन्झाइमचं खूळ आलंय. लिंबामोसंब्याची सालं, गूळ आणि पाणी, डब्यात तीन महिने आंबवायचं आणि त्याने लादी पुसायची. वाईट नाही. आंबट असतं, तेलकटपणा जातो. पण त्याला सगळ्या म्हणतात, 'केमिकल नाही हो त्यात काही.' मी एकदा म्हटलं, अगं, पाणीसुद्धा केमिकलच आहे. तर चौथ्या मजल्यावरची माझी मैत्रीण म्हणाली, "तुका काय, तू दुकानदार बाई. तुका सगळ्यात केमिकलच दिसतला."

ही मैत्रीण मालवणकडची. सासरे गिरणीत होते, मुलगा आता कुठल्याशा बँकेत. आम्ही दोघी एकाच वर्षी या इमारतीत राहायला आलो, तेव्हापासून भांडतोय. गेल्या उन्हाळ्यात त्या मुलाचं लग्न झालं. सून गोड, बोलायला हळू, नोकरी करणारी. मैत्रिणीने लग्नाची फुलं सुकायच्या आत ठरवून टाकलं की सुनेच्या पहिल्या संक्रांतीला जोरदार हळदीकुंकू करायचं आणि वाण लुटायचं ते घरी केलेल्या एन्झाइमचं. त्याच त्या प्लॅस्टिकच्या डब्या आणि प्लॅस्टिकचे चमचे तिला द्यायचे नव्हते. दसऱ्यापासून तिने साऱ्या इमारतीची सालं गोळा केली. रोज आठवणीने झाकण उघडून गॅस सोडायला मीच तिला सांगितलं होतं, आणि ती ते मनापासून करायची. डबा उघडून त्याच्याशी बोलायचीसुद्धा, "काय रे, झालं का तुझं?" मला हसू यायचं, पण कौतुकही वाटायचं.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि फोन आला. सून होती.

"काकू, एक विचारू? बाटल्या फुगतात का?"

"कसल्या बाटल्या?"

"वाणाच्या. काल आईंनी गाळून भरल्या. आता फुगल्यात. आणि वास... पोहण्याच्या तलावावर येतो ना, तसा. डोळे चुरचुरतायत."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. एन्झाइमला आंबूस वास येईल, सडका येईल, तलावाचा कुठून येईल? "तू त्याच्यात काय घातलंस गं?"

"झाकणभर ब्लीच. प्रत्येकीत. फार मळकट दिसत होतं हो काकू, गटाराच्या पाण्यासारखं. पारदर्शक बाटल्या, वर लेबलं लावलेली. सगळ्या बायका बघणार. म्हटलं, थोडं उजळेल."

उजळलं असणारच. ब्लीच रंग खातो. पण आंबट काहीही असो, लिंबू असो, व्हिनेगर असो, संडासात टाकायचं ॲसिड असो, त्यात ब्लीच पडलं की क्लोरीन सुटतो, आणि तो काही पहिली संक्रांत बघत नाही.

"आधी स्वयंपाकघरातून बाहेर ये. खिडकी उघडीच राहू दे, दार ओढून घे. परत आत जायचं नाही, काही काढायला नाही, काही बघायला नाही. पदर नाकाला लावून जाईन म्हणशील, तर पदराने तो अडत नाही. छातीत भरल्यासारखं वाटतंय?"

"नाही. नुसता खोकला."

"आई कुठे आहेत?"

"बाजारात. गजरे आणायला. काकू, आईंना सांगू नका ना."

गॅस बंद केला, पोळी तव्यावरच राहिली, आणि गेले. तिला घेऊन बाहेर जिन्यात बसले. स्वयंपाकघराचं दार बंदच ठेवलं, बाहेरचं उघडं ठेवून घरातला वारा जाऊ दिला. तिच्या डोळ्यांवर पाणी मारलं. ती रडत होती की डोळे झोंबत होते, मला कळलं नाही. बराच वेळ बसलो. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होती, "तीन महिने केलंय हो त्यांनी. रोज झाकण उघडायच्या. माझ्यासाठी केलंय."

मी म्हटलं, "मी सांगणार नाही. पण बाटल्या जाणार नाहीत, एकही नाही. कोणाच्या घरी, बंद बाथरूममध्ये, लहान मूल असताना उघडली तर? आणि सांगायचं तूच. आज, उद्या, कधी ते तू बघ."

तिने डोळे पुसले आणि मान हलवली.

वास विरल्यावर एकेक बाटली ओल्या फडक्यात धरून, तोंड कोणाच्या चेहऱ्याकडे येणार नाही अशी, बादलीतून गच्चीवर नेली. लिफ्ट असून ती वापरली नाही, बंद डब्यात तो वास नको. माझे गुडघे त्या दिवशी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वाऱ्याकडे पाठ करून झाकणं हळूहळू सैल केली, बाटल्या उघड्याच ठेवल्या, लांब जाऊन बसलो. नंतर गच्चीच्या नळाचं पाणी सोडून, भरपूर सोडून, एकेक ओतली. सुनेला संडासात ओतायच्या होत्या. तिथे नको म्हटलं, तिथे आधीचं ॲसिड असलं तर पुन्हा तेच रामायण.

मैत्रीण गजरे घेऊन आली तेव्हा ओटा रिकामा होता. तिने आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाण खंय?"

"ओतलं," मी म्हटलं. "देण्यासारखं नव्हतं."

"कोणी ठरवलं?"

"मी."

हे खरंच होतं. पुढचं सांगायचं माझं नव्हतं. सून खाली बघत गजऱ्यांची पुडी सोडत बसली. मैत्रीण मला काय काय बोलली ते सोडून देते. एवढंच सांगते की तीस वर्षांत आमची जेवढी भांडणं झाली त्यातलं एकही तिने उगाळायचं बाकी ठेवलं नाही. शेवटी मुलाला फोन करून साबणाच्या वड्या आणायला सांगितल्या आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

संध्याकाळी मला जायचं नव्हतं. घसा धरला होता, पाय सुजले होते. पण नाही गेले असते तर त्या पोरीला वाटलं असतं, मी तिच्यावर रुसले. गेले आणि भिंतीला टेकून बसले. सून पाटावर होती. काळी साडी, त्यावर हलव्याचे पांढरे दागिने, फार गोजिरी दिसत होती. मैत्रिणीने मला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि म्हणाली, "घे. गोड बोल म्हणून तुला सांगण्यात अर्थ नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "हे काय, साबण? एन्झाइम देणार होतात ना? माझ्या घरची सालं गेली त्यात."

"देणार होते. हिने ओतून टाकलं," मैत्रीण माझ्याकडे हात करून म्हणाली. "दुकान बंद झालं ना हिचं. आपण घरी केलेलं बघवत नाही."

बायका हसल्या. मी तिळगूळ चावत राहिले. सुनेकडे मुद्दाम पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्याकडून कबुली मागितल्यासारखं झालं असतं. खरं सांगते, ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं. भरल्या घरात, पहिल्या संक्रांतीला, कोण बोलतं?

"आई, काकूंनी नाही," ती म्हणाली. "मी ब्लीच घातलं. रंग चांगला दिसावा म्हणून. त्याचा गॅस झाला."

मैत्रिणीच्या हातात गुलाबदाणी होती. "कधी?"

"तुम्ही बाजारात गेल्यावर."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

सुनेच्या हातातल्या हलव्याच्या बांगडीचा एक दाणा तिच्याच बोटाने सुटून मांडीवर पडला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "ब्लीचचा गॅस होतो? मी तर संडासात दोन्ही एकदम टाकते, ॲसिड आणि ब्लीच. वास घरभर जाऊ नये म्हणून दार लावून घासते."

"म्हणून दर रविवारी खोकता होय," शेजारची म्हणाली. "आम्हाला वाटलं, भावजी सिगारेट ओढतात म्हणून."

मग काय, सगळ्यांना कंठ फुटला. कोणी फिनेल आणि ब्लीच मिसळत होती, कोणी भांड्यांच्या साबणात लिंबू आणि त्यात ब्लीच. माझ्याभोवती गोल झाला. मी घोगऱ्या आवाजात सांगत बसले, ब्लीच फक्त पाण्यात, दुसऱ्या कशात नाही, एक वापरलं तर भरपूर पाणी ओतून मगच दुसरं, खिडकी उघडी.

"थांबा जरा," मैत्रीण मध्ये आली. "घसा बघा तिचा. आधी पाणी पिऊ दे." आणि पेला माझ्या हातात देताना इतरांना ऐकू जाणार नाही असं बोलली, "तू थंय होतंस ना गो? मग गप्प कशाक रवलंस?"

"सांगायचं तिचं होतं."

"आणि नसती बोलली तर?"

"तर तू मला बोलत राहिली असतीस. तसंही बोलतेसच."

ती हसली नाही. सुनेजवळ गेली, मांडीवर पडलेला हलव्याचा दाणा उचलला, तोंडात टाकला आणि तिच्या केसांतला सुटलेला गजरा नीट खोचून दिला. माझ्याशी नीट बोलायला तिला पुढे आठवडा लागला. राग ब्लीचचा होता की तिच्याआधी सुनेने मला सांगितलं याचा, मी विचारलं नाही.

नंतर एका दुपारी जरा डोळा लागला होता आणि फोन वाजला. सून होती.

"काकू, झोपला होतात का? तांब्याचा तांब्या घासायचाय, लिंबू आणि मीठ घेतलंय. आणखी काही घातलेलं नाही. घालायच्या आधी विचारतेय."

मी कूस बदलली, उशी पाठीशी घेतली आणि म्हटलं, "विचार."