तळघराचा जिना

लहानपणीच्या आमच्या भुताच्या व्हिडिओ गेमवर सिनेमा निघाला, तेव्हा महिनाभर मी भेटेल त्याला ऐकवलं, "वाट लावणार हे लोक. ती भीती यांना काय कळणार?" तरी आशा होतीच. पहिल्याच दिवशी ताईला घेऊन गेलो.

पडद्यावर तळघराचा जिना आला आणि माझी मान आपोआप खाली गेली. तेव्हाही तो जिना आला की मी गेमचा रिमोट ताईकडे द्यायचो आणि ती तळघराचा भाग खेळून वर येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसायचो. जी भीती बिघडेल म्हणून मी भांडत होतो, ती मी कधी पाहिलीच नव्हती. लाजेनं कान तापले.

शेजारून ताईचा उघडा तळवा पुढे आला.

"दे इकडे," ती हळूच म्हणाली.