कचराबाईचं दुसरं नाव

काल दुपारी मी माझ्या मायचं नाव बदललं.
आज सकाळी ती गेली.

नव्वदीच्या पुढे होती. नागपूर सी.पी.ची, म्हणजे मध्य प्रांताची, राजधानी होतं, तेव्हाचा तिचा जन्म. घरात हातमाग.

तिच्याआधी तीन मुली झाल्या. गंगा, यमुना, गोदा.
एकही रांगण्यापर्यंत पोचली नाही.

चौथी झाली तेव्हा आजीने तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे शेजारीण उचलून घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "कचऱ्यात सापडली वं. ठेवून घे."

नाव पडलं कचरा. नकोशा पोरीकडे यम वळून पाहत नाही म्हणून.

मला या नावाची लाज वाटायची. शाळेच्या फॉर्मवर मी 'कांचन' लिहून आले होते. मायला वाचता येत नव्हतं.

शाळा सुटल्यावर लायब्ररीतली पुस्तकं वाचत गेले, तेव्हा कळलं. दगडी, धोंडी, भिकी, सगळी अशीच नावं. लेकरं पुरलेल्या बायांनी दाराला लावलेली कुलपं.

मायचं कुलूप फारच पक्कं निघालं.
बाबा गेले. कोराडीच्या वीज प्लांटमधला माझा भाऊ गेला. मग माझे मिस्टर.

त्यांच्या तेरवीला माय म्हणाली, "मले सोडून दुसऱ्याईलेच नेऊन राहिला तो यम. माझं नाव बदल वं."

मी तिच्यावर चिडले.

शेवटचं वर्ष अंथरुणावर. पाठीला जखमा. कूस बदलली की तेच. "बदल वं. सापडत नाही मी त्याले."

"माय, नावानं काही होत नसतं."

"काही होत नाही, तं मंग भेतं काहून?"

मला 'पोरी' म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

काल पेजही गिळवेना. डोळ्यांतून नुसतं पाणी.

बारशाला कानात सांगतात तसं वाकून सांगितलं, "नर्मदा."

माय मग म्हणाली, "बहिणीईच्या रांगेतलं झालं आता. आणखी एकदा म्हण."

म्हटलं.

आज घाटावर नोंद करताना नाव विचारलं.
कचराबाई, असं सांगितलं. नव्वद वर्षं त्याच नावानं तिला राखलं. या वेळी लपवलं नाही.

दुसरं नाव तिच्यासोबत गेलं.

नर्मदा, तुझ्या पोरीचा नमस्कार.
जा माय. तिघी वाट पाहत असतील.