बिनवासाची खीर

लग्नकार्यात हल्ली एक खूळ निघालं आहे. पंगत उठायच्या बेतात असताना कोणी हौशी बाई वाट्यांतून पांढरीशुभ्र खीर फिरवते आणि विचारते, "ओळखा पाहू कशाची?" कोणी म्हणतं बदामाची, कोणी म्हणतं मखाण्याची. मग ती बाई मोठा गड जिंकल्यासारखं सांगते, "लसणाची!" आणि सगळे खो-खो हसतात. मी तेवढ्यात हात धुवायला उठलेली असते. माझ्या सुनांना वाटतं, म्हातारीला लसूण चालत नाही. मला लसूण चालतो, कच्चा चावूनसुद्धा चालतो. मला चालत नाही ती त्याची खीर. का चालत नाही ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी आग्रह करायला नको.

गोष्ट सन तीसच्या आसपासची. आम्ही तेव्हा सोलापुरात होतो. हे एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. राहायला दोन खोल्या, मागे परस आणि परसाच्या कुडापलीकडे तेलुगू विणकरांचं घर. त्यांचे माग दिवसभर खटखटत असायचे आणि सूत रंगवून उरलेलं पाणी आमच्या कुडाखालच्या नाल्यातून कधी लाल, कधी निळं वाहत जायचं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरी झालं. श्रावण नुकता लागला होता. मला मुलगी झाली.

मुलगी म्हटल्यावर सासूबाई तोंड वाकडं करणार, अशी मी मनाची तयारी करून ठेवली होती. पण त्यांनी पोरीला हातात घेतलं, उजेडाला नेऊन नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आलीस की गं शेवटी! केवढी वाट बघायला लावलीस!" त्यांना चार मुलगे झाले होते. तीन लहानपणीच गेले, उरले ते हे एकटे. मुलीची हौस त्यांच्या पोटात तशीच राहून गेली होती. एरवी सासूबाई म्हणजे सोवळ्याच्या कडक आणि जिभेच्या त्याहून कडक. पण पोरीला न्हाऊ घालताना त्या कानडी गाणं म्हणायच्या. त्यांचं माहेर अक्कलकोटाकडचं. ते गाणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

माझ्या अंगावर दूध उतरेना. पोर चोखून चोखून दमायची, लाल व्हायची आणि रडत झोपायची. वैद्यांनी शतावरी दिली, सासूबाईंनी अळीव दिले, डिंक दिला. बोंडल्यानं गाईचं दूध पाजून पाहिलं, ते तिला पचेना. घोटभर आत गेलं की दह्यासारखं फुटून बाहेर यायचं. शेळीच्या दुधाचीही तीच गत झाली. जवळपास अंगावर पाजणारी बाई कोणी नव्हती. पलीकडच्या विणकरणीचा धाकटा मुलगासुद्धा मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याएवढा मोठा झालेला.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून लसूण द्यायचा, हे आमच्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुपात भाजायचा आणि भाकरीबरोबर पुढे ठेवायचा. सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण चातुर्मास चालू होता. चातुर्मासात आमच्यासारख्या घरांतून कांदा-लसूण वर्ज्यच. तरी औषधाला दोष नाही, असं भटजीसुद्धा सांगतात. आमच्या घरातली अडचण निराळी होती. माझ्या लग्नाच्या आधी हे विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते, वैद्यानं हात टेकले होते. तीन मुलगे गेलेल्या बाईनं तेव्हा देवापुढे पदर पसरला होता, की हा एक वाचव, मी जिवंत आहे तोवर चातुर्मासात या घरात लसणाचा वाससुद्धा येणार नाही. आणि हे उठून बसले. शास्त्राला पळवाट असते हो, नवसाला कुठली?

म्हणजे एका पारड्यात पोटचा लेक आणि दुसऱ्यात नात. मी बाजेवर पडून हे सगळं पाहत होते आणि मला दोघांचाही राग येत होता. सासूबाईंचा यायचा, त्यांनी असला नवस केला म्हणून. आणि ह्यांचा त्याहून जास्त यायचा, कारण हे कचेरीत दहा जणांना कायदे शिकवायचे आणि आईसमोर मात्र ह्यांची दातखीळ बसायची. एकदा मी म्हटलं, "तुम्ही तरी बोला." तर म्हणाले, "माझ्या जिवावरचा नवस, मी कसा बोलू?" हेही खरंच होतं. त्यामुळे राग काढायला जागाच उरली नाही.

मग एके दिवशी सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या असताना एकदम म्हणाल्या, "बापूंची खीर!"

बापू म्हणजे त्यांचे वडील. ते एका लहानशा संस्थानात मुदपाकखान्यात आचारी होते. तिथल्या राजाला पाहुण्यांची फजिती करायची हौस. बापू लसणाच्या पाकळ्या तुरटीच्या पाण्यात उकळायचे, ते पाणी फेकायचे, पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळी. वास अगदी नाहीसा झाला की पाकळ्या दुधात शिजवायच्या, साखर, वेलदोडे, केशर घालायचं. पाहुणे वाटी चाटूनपुसून खायचे आणि शेवटपर्यंत कोणाला पत्ता लागायचा नाही. सासूबाईंनी ती लहानपणी चुलीजवळ बसून पाहिली होती, स्वतः कधी केली नव्हती.

"वास येणार नाही, आणि लसूण तर पोटात जाईल," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नवस माझा वासाचा आहे की! मग देव काय म्हणेल?"

मला तर तेव्हा त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

लसूण घरात आणायचा नाही, आपल्या चुलीवर चढवायचा नाही. सासूबाईंनी कुडाजवळ जाऊन विणकरणीला हाक मारली. ती म्हणाली, "काकू, या की! आमचं आंगण हाय, चूल हाय. लसूण बी मीच आणते, तुमी कशाला बाजारात जाता?" इतकी वर्षं तिच्या अंगणात पाऊल न टाकलेल्या सासूबाई दुसऱ्या दिवशी तिथं तीन दगड मांडून बसल्या. खिडकीच्या फटीतून मला सगळं दिसायचं. आधी त्या चिमूटभर राख वर धरून सोडायच्या. वारा आमच्या घराकडून तिकडे वाहतो आहे ना, ते बघायच्या, मगच भांडं चढवायच्या. पाणी उकळलं की कुडाखालच्या नाल्यात ओतायचं आणि नवं घालायचं. प्रत्येक वेळी एक पाकळी काढून हुंगायची. शेवटी राखेनं आणि चिंचेनं हात घासून, परसातच डोक्यावरून पाणी घेऊन, ओलेत्यानं घरात यायच्या. वर पाऊस भुरभुरत असायचा. त्यांचं वय तेव्हा साठीकडे झुकलेलं होतं.

पहिल्या दिवशी खीर झाली तेव्हा हे कचेरीतून आले होते. सासूबाईंनी ह्यांच्या हातात चमचा ठेवला आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. ह्यांनी खाल्ली. "छान झाली आहे. कशाची, बदामाची?"

सासूबाईंनी टाळी वाजवली. खरंच वाजवली, लहान मुलीसारखी. विणकरीण कुडापलीकडून डोकावत होती, तीही हसायला लागली. कशाला हसतो आहोत ते हे विचारत राहिले आणि आम्ही तिघी हसत राहिलो. त्या महिन्यात आमच्या घरात झालेलं हसणं तेवढंच.

मग रोज दोन वेळा वाटीभर खीर मी खायची. सासूबाई समोर बसून मी वाटी पुसून घेतली की नाही ते पाहायच्या. खीर गोड होती, मऊ होती, केशराचा रंग होता. त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. वास राहिला असेल या भीतीनं त्या दर दिवशी एक पाणी जास्तच फेकत होत्या. सुरुवातीला थोडं दूध आल्यासारखं वाटलं, आम्ही देवापुढे साखर ठेवली. मग तेही आटलं. पोर रडायची ती आता कण्हायला लागली. मग कण्हणंही थांबलं. सासूबाई तिला पदराखाली घेऊन बसून राहायच्या, गाणं मात्र म्हणायच्या नाहीत.

श्रावण संपायच्या आत ती गेली. पहाटे सासूबाईंच्याच मांडीवर गेली. ह्यांनी तिला दुपट्यात गुंडाळलं आणि बाहेर घेऊन गेले, तेव्हा गिरणीचा भोंगा होत होता. बारशाला ठेवलेलं तिचं नाव मी पुढे कधी कोणापुढे उच्चारलं नाही, आणि इथंही लिहीत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी पहिल्यांदा परसात आले. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं. कुडाजवळ गेले आणि जागच्या जागी थबकले. जिथं सासूबाई पाणी ओतायच्या तिथली माती लसणानं घमघमत होती. मी मागे वळले, तर सासूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनाही वास आला होता. पोरीच्या वाट्याचं होतं नव्हतं ते सगळं त्या मातीत गेलं होतं, आणि मी खात होते तो नुसता चोथा. हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्यांना कळलं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी मडकंभर राख आणून तिथं पसरली.

लसणानं पोर वाचलीच असती असं मी म्हणत नाही. लसूण खाणाऱ्या घरांतूनही पोरं जातात, तेव्हा तर फारच जायची. पण एवढं शहाणपण उन्हात बसून सुचतं. ओल्या अंगाच्या बाळंतिणीला ते सुचत नाही, आणि सासूबाईंनाही सुचलं नसावं. त्या त्यानंतर गोड खाईनाशा झाल्या.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी मला मुलगा झाला. महिना भाद्रपद, म्हणजे पुन्हा चातुर्मासच. दूध पुन्हा कमीच. मी कोणाला काही मागितलं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आणि दुपारी घरात एक वास दरवळला. मला आधी भासच वाटला. उठून पाहिलं तर सासूबाई आपल्याच चुलीपुढे बसल्या होत्या आणि कढईत तुपावर लसूण परतत होत्या. सगळी दारंखिडक्या बंद होती. जणू वास बाहेर जाऊ नये, इथंच राहावा.

मी म्हटलं, "सासूबाई, नवस?"

"नवस माझा, मी बघून घेईन. तू खा."

मी खाल्लं. दूध आलं, मुलगा अंगानं भरू लागला. सासूबाई मात्र रोज सकाळी ह्यांच्या कपाळाला हात लावून पाहायच्या. हे शिंकले की त्यांच्या हातातलं भांडं खाली पडायचं. कचेरीतून यायला जरा उशीर झाला की रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या. रोज लसूण भाजायच्या आणि रोज देवापुढे नाक घासायच्या. त्या दोन-अडीच महिन्यांत त्या वाळून कोळ झाल्या.

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला. दुसऱ्या दिवशी पारण्याचं पान वाढलं. हे पोटभर जेवले, ढेकर दिली, पान खाल्लं आणि ओट्यावर जाऊन कोणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत बसले. अख्ख्या चातुर्मासात ह्यांना साधं पडसंसुद्धा झालं नव्हतं. सासूबाई भरल्या ताटापुढे बसून ह्यांचा आवाज ऐकत होत्या.

"ह्याला काहीच झालं नाही गं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "देवाची कृपा."

"तेच तर." त्यांचा हात ताटातच थांबला होता. "म्हणजे तेव्हाही काही झालं नसतं."

पोर गेली तेव्हाही जी बाई रडली नव्हती, ती त्या दिवशी भरल्या ताटावर रडली. माझ्याही मनात तेच आलं होतं. मी त्यांच्या पुढचं ताट उचललं आणि मुलगा आणून त्यांच्या मांडीवर दिला. त्याच्या तोंडाला दुधाचा वास येत होता, आणि लसणाचाही.