पाच उघडी कपाळं

"यातला एक तरी वेगळा दिसायला हवा," क्रेग म्हणाला. "पोस्टरवर पाचही जण सारखे दिसतायत. कोण कोणता ते माझ्या बॉसलासुद्धा कळत नाही."

लंडनच्या हॅरो भागातल्या माझ्या सलूनमध्ये सोमवारी सकाळी हे चाललं होतं. सोमवारी आम्ही बंद असतो, म्हणून क्रेगने मुद्दाम तोच दिवस मागून घेतला होता. सोफ्यावर पाच कोरियन तरुण ओळीने बसले होते. वय एकोणीस ते तेवीस. काळे टी-शर्ट, हातात फोन, आणि एकच हेअरकट पाच डोक्यांवर. कानाच्या आजूबाजूला बारीक, वर लांब, आणि पुढचे केस सरळ भुवयांपर्यंत सोडलेले. आमच्या धंद्यात याला टू-ब्लॉक म्हणतात. खालचे केस वेगळे, वरचे वेगळे, दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत.

हे पाच जण कॉम्प्युटर गेम खेळून पोट भरतात, हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. मी आपलं म्हटलं, "गेम खेळायचा पगार मिळतो? कमाल आहे!" तर माझी सतरा वर्षांची तन्वी किंचाळलीच. "आई, तू वेडा आहेस का? ते स्टार आहे!" तिचं मराठी असं. पण माहिती पक्की असते. ही पाच जणांची टीम टूर्नामेंटच्या सीझनसाठी सहा महिने लंडनला आली होती आणि जवळच पिनरला एक घर भाड्याने घेऊन राहत होती. त्यातला मिनजे अगदी नवा. त्याच्या जागेवरच्या खेळाडूचं मनगट कामातून गेलं, म्हणून याला आणलेलं. शनिवारी त्याची पहिली मॅच. जमलं तर टीममध्ये राहील, नाही जमलं तर कोच त्याला परत पाठवणार.

क्रेग हा टीमचा इथला माणूस. फोटो, पोस्टर, मुलाखती हे सगळं त्याच्याकडे.

पहिला खुर्चीत बसला तो कॅप्टन सांगहो. इंग्लिश मोडकंतोडकं, पण बोलायचा धीटपणे. मी कंगवा घेऊन त्याचे पुढचे केस वर करून दाखवले. कपाळ छान रुंद होतं. "असं करू या?"

"नो, टीचर. सेम, प्लीज. थोडेच कापा."

त्यांच्याकडे केस कापणाऱ्यांना शिक्षकासारखी हाक मारतात म्हणे. इथे बावीस वर्षं कात्री चालवतेय, कोणी टीचर म्हटलं नव्हतं. मी जरा फुशारलेच. बाकी तिघांचंही तेच, सेम प्लीज. क्रेगचा चेहरा पडत चालला होता.

शेवटी मिनजे बसला. क्रेग माझ्या कानाशी आला. "वैश, हा तरी वेगळा कर. नवीन आहे, हट्ट करणार नाही."

मी आरशात मिनजेकडे बघून विचारलं, "पुढचे शॉर्ट करते. वर उभे. ओके?"

"ओके," तो म्हणाला.

आणि मी कापले. चांगले तीन इंच. कपाळ मोकळं, वरचे केस जरा विस्कटलेले, उभे. खरं सांगते, देखणा दिसत होता. त्याने आरशात पाहिलं, उठून कमरेतून वाकला आणि म्हणाला, "थँक यू, टीचर." क्रेगने टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन मी तन्वीला ऐटीत सांगितलं, "बाकीची नुसती मेंढरं गं. एकाला मात्र माणसात आणलं."

शुक्रवारी फोटो होते, म्हणून केस सेट करून बघायला बुधवारी पिनरच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत पाच कॉम्प्युटर ओळीने मांडलेले, पाचही जण सरावाला बसलेले, मागे कोच येरझाऱ्या घालतोय. मी मिनजेचे केस मस्त उभे केले, स्प्रे मारला. त्याने हेडसेट चढवला. हेडसेट म्हणजे कानावर दोन जाडजूड गाद्या आणि डोक्यावरून जाणारा रुंद पट्टा. त्या पट्ट्याखाली माझी सगळी कारागिरी एका क्षणात चपटी झाली. बाकी चौघांचे केस मात्र जसेच्या तसे. पुढे सोडलेले, कडेला बारीक, पट्ट्याला अडायला काही नाहीच. अगं बाई, म्हटलं, ही फॅशन नाही, हे तर कामाचे कपडे आहेत!

पण खरी गोष्ट पुढेच होती. मिनजेचा डावा हात सारखा कपाळाकडे जात होता. नसलेले केस खाली ओढायला. हात कीबोर्डवर हवा तेव्हा कपाळावर. दोनदा त्याच्यामुळे डाव गेला. कोच काय ओरडला ते मला कळलं नाही, पण मिनजेचे कान लाल झाले ते दिसलं.

मी सांगहोला बाजूला घेतलं. "त्याला आवडले नाहीत का केस?"

"नाही, टीचर."

"मग ओके का म्हणाला?"

सांगहोला माझाच प्रश्न विचित्र वाटला. "तुम्ही मोठ्या. टीचर. आणि तो नवीन."

मी कपाळाला हात लावला. हे मला कोरियन माणसाने समजवायला हवं होतं? लग्न होऊन सांगलीला सासरी गेले तेव्हा सासूबाई "अजून एक पोळी वाढू?" विचारायच्या आणि पोट तुडुंब भरलेलं असताना मी हो म्हणायची. वर्षभर म्हटलं. त्या ‘हो’मध्ये कितीसं ‘हो’ होतं?

मग सांगहोने आणखी एक सांगितलं. स्टेजवर प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक छोटा कॅमेरा असतो. तो पूर्ण मॅचभर तोंडावर रोखलेला. हजारो लोक चेहरा बघत असतात. घाबरलाय का, रडवेला झालाय का. "पुढचे केस असले की," त्याने बोटं भुवयांवरून पडद्यासारखी खाली आणली, "थोडं घर असल्यासारखं वाटतं."

त्या पोराचं घर मी तीन इंच कापून जमिनीवर पाडलं होतं आणि झाडून टाकलं होतं.

आता कापलेले केस काही परत चिकटवता येत नाहीत. टोपी चालणार नाही, युनिफॉर्मचा नियम. मी सलूनमधून क्लिपने लावायचे खोटे केस घेऊन परत आले. लावले, वर हेडसेट घातला, तर अख्खी झालर सरकून एका कानावर आली. बाकीचे फिसकन हसले. मिनजे हसला नाही. मी त्याला सॉरी म्हटलं, तर तोच उठून वाकला. त्यापेक्षा त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी एका गिऱ्हाइकाचा कलर चालू असताना सलूनचं दार उघडलं. सांगहो आणि बाकीचे तिघे. मागे मान खाली घालून मिनजे.

सांगहो सरळ खुर्चीत बसला. मिनजेकडे बोट दाखवून म्हणाला, "सेम, प्लीज."

"म्हणजे?"

"त्याच्यासारखे. आम्हा सगळ्यांचे."

मी कंगवा खाली ठेवला. एकदा चूक केली होती, आता नाही. "सांगहो, नीट सांग. तुला हवेत का असे?"

"नाही," तो सरळ म्हणाला. "पण आता कॅमेऱ्याला पाच कपाळं दिसतील. मग त्याचंच कोण बघत बसणार?"

माझे डोळे भरून आले. गिऱ्हाइक बाई फॉइल लावलेल्या डोक्याने वळून वळून बघत होती. मेंढरं म्हणाले होते ना मी? ते शब्द मी मनातल्या मनात निमूटपणे परत घेतले. चौघांनाही एकेक करून विचारलं, चौघांच्याही उत्तराची वाट पाहिली, आणि मगच कात्री लावली. तिसऱ्याचं कपाळ उघडं पडलं तेव्हा त्यावरचा मुरमांचा सडा बघून मिनजे खो खो हसत सुटला. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"वैश!" शुक्रवारी क्रेगचा फोन. "हे परत सगळे सारखे दिसतायत!"

"हो ना," मी म्हटलं. "पोस्टरवर नावं जरा मोठी छाप."

शनिवारी तन्वीबरोबर मॅच बघायला गेले. गेममधलं मला ओ की ठो कळलं नाही. मी फक्त मोठ्या पडद्यावर मिनजेचा डावा हात बघत होते. तो एकदाही कपाळाकडे गेला नाही. ते जिंकले. पुढच्या आठवड्यात हरले, पण मिनजेची जागा पक्की झाली.

आमच्या हेअरड्रेसिंगच्या कॉलेजात पहिला धडा असतो कन्सल्टेशनचा. म्हणजे कात्री उचलण्याआधी गिऱ्हाइकाशी बोलायचं. मी बोलले होते, पण क्रेगशी. खुर्चीत बसलेल्याला विचारायचं, आणि तो लगेच ओके म्हणाला तर पुन्हा विचारायचं, एवढं शिकायला मला बावीस वर्षं लागली.

परतीच्या विमानाआधी मिनजे एकटाच आला. केस बरेच वाढले होते, जवळजवळ भुवयांना टेकत होते. मी मागून थोडे कमी केले, मग पुढे येऊन कंगव्याने झालर उचलली. "हे पण थोडे कापू का?"

मी कंगवा तसाच धरून थांबले. आरशात माझ्याकडे बघत तो अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाला, "नो, टीचर."

इतक्या वर्षांत ‘नाही’ ऐकून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.